नववीतल्या मुलीला परदेशातल्या युवा शांतता परिषदेला पाठवावं का?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, सेमी-इंग्रजी. शाळेतून एक माहितीपत्रक आलंय. परदेशात पाच दिवसांची युवा शांतता परिषद, वय १३ ते १९, पन्नासेक देशांची मुलं येणार म्हणे. विमान, व्हिसा, नोंदणी, राहणं सगळं धरून खर्च साडेतीन लाखांच्या घरात जातो. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्यात बारावीपर्यंतचे क्लास निघतात. लेकीने मात्र मैत्रिणींच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलंय. सासूबाई म्हणतात, शांतता शिकायला इतक्या लांब कशाला, आधी भावाशी भांडायचं थांबव म्हणावं.

अशा परिषदांतून मुलांना खरंच काही मिळतं का? कुणी पाठवलंय का? की याच पैशात (किंवा कमी पैशात) दुसरं काही बरं आहे?

चहाबाज

सासूबाईंना या वर्षीचं नोबेल माझ्यातर्फे. बाकी जाणकार येतीलच, तोवर जागा धरून बसतो.

हिशेबनीस

ताई, आधी एक सांगा. मुलीची निवड झाली कशी? मुलाखत, निबंध, काही? की शाळेने नावं कळवली आणि आठवड्याभरात ‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे’ अशी मेल आली? तसं असेल तर ती निवड नव्हे, त्यांना गिऱ्हाईक मिळालं. याची रीत ठरलेली असते. हॉटेलचा हॉल, पहिल्या दिवशी उद्घाटन आणि झेंडे, दुसऱ्या दिवशी गटचर्चा, मग शहरदर्शन, शेवटी प्रमाणपत्र आणि गाऊनसकट फोटो. अमुक इतकी मुलं आणली की सोबतच्या शिक्षकाचं तिकीट फुकट.

पत्रकावर निळ्या रंगात जगाचा नकाशा आणि भोवती ऑलिव्हच्या फांद्या आहेत का तेही बघा. संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह ऊठसूट कुणालाही छापता येत नाही, १९४६ च्या ठरावाने त्यावर बंधन आहे. म्हणून ही मंडळी अगदी तसंच दिसणारं काहीतरी काढून घेतात.

निळी_छत्री

मुलाखत नाही झाली. फांद्या आहेत. :( शिक्षकांच्या तिकिटाचं विचारायची हिंमत नाही.

सातासमुद्रापार

मी जरा उलट बाजू मांडते. आमचा मुलगा अशाच पैसे भरून जायच्या परिषदेला गेला होता. घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारा मुलगा. तिथे खोलीत केनियाचा एक मुलगा होता, दोघांची बुद्धिबळावरून जमली, अजूनही रात्री ऑनलाइन डाव मांडून बसतात. परिषदेत काय ठराव झाले ते त्याला विचाराल तर एक आठवणार नाही. पण केनिया म्हणजे सिंह आणि धावपटू एवढंच आता त्याच्या डोक्यात नाही, तिथल्या बोर्डाच्या परीक्षांचा ताणही त्याला पाठ आहे. आपण गोव्याला चार दिवसांत लाखभर उडवतो तेव्हा त्यातून काय शिकलो असं कुणी विचारत नाही.

हिशेबनीस

@सातासमुद्रापार, मग सहल म्हणा ना. सहलीला माझी काहीच हरकत नाही. शांततेच्या नावाने पावती फाडू नका, एवढंच.

पौडफाटा

माझं घर मुळशीच्या वाटेवर आहे म्हणून सांगतो. पौडच्या पुढे डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे, १९९७ पासून. पुण्यातल्या निम्म्या लोकांना ते ‘फॉरेनर पोरांचं कॉलेज’ म्हणून माहीत आहे, तिथे शिकवतात काय ते माहीत नाही. अकरावी-बारावीच्या वयाची मुलं, कितीतरी देशांची, दोन वर्षं एकत्र राहून आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) डिप्लोमा करतात.

या युनायटेड वर्ल्ड कॉलेज चळवळीची सुरुवात कुर्ट हान या शिक्षकाने केली. जन्माने जर्मन ज्यू, हिटलरमुळे १९३३ मध्ये देश सोडून ब्रिटनला आला. पुढे नाटोच्या संरक्षण महाविद्यालयात गेला असता दहा वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे अधिकारी एका वर्गात बसून काम करताना त्याला दिसले. हे पोरांच्या वयात का करू नये, असं त्याच्या मनात आलं. त्यातून १९६२ मध्ये वेल्समध्ये समुद्रकाठच्या एका किल्ल्यात पहिलं कॉलेज निघालं. आता जगभरात अशी दीड डझन कॉलेजेस आहेत.

फी वाचून घाबरू नका. निवड देशातल्या समितीतर्फे होते, आणि घरची परिस्थिती पाहून शिष्यवृत्ती देतात. ताईंची लेक नववीत म्हणजे हाताशी वेळ आहे. पाच दिवस कुठे आणि दोन वर्षं कुठे! पाच दिवस कुणीही गोड वागतं. सहा महिने एकाच न्हाणीघरापुढे रांग लावली की माणूस कळतो.

कोथरूडची_मावशी

न्हाणीघराच्या मुद्द्याला +१. हे तर एकत्र कुटुंबात फुकट शिकायला मिळायचं.

गाईडबाई

मुळशी ठीक, पण पुण्यातच आळंदी रोडला संगम आहे, ते कुणीच कसं सांगितलं नाही! जागतिक गर्ल गाईड संघटनेची जगभरात पाच केंद्रं, त्यातलं एक आपल्याकडे, १९६६ पासून. सगळ्यात जुनं स्वित्झर्लंडला आडेलबोडेनमध्ये, १९३२ चं. मग मेक्सिको, लंडन, आफ्रिका आणि पुणे. तिकडच्या मुली वर्षानुवर्षं पैसे साठवून पुण्याला येतात, आणि आपण पुण्यातून साडेतीन लाख भरून तिकडे निघालो.

मी शाळेत गाईड कॅप्टन होते. मुलींना घेऊन संगमला गेले तेव्हा ऑस्ट्रेलियाहून एक तुकडी आली होती. पहिला तासभर सगळ्या आपापल्या कोपऱ्यात. मग जेवण झालं आणि भांडी घासायची पाळी आमच्या एका मुलीची आणि त्यांच्यातल्या एकीची लागली. आमची नळाखाली तांब्याने पाणी ओतून राख शोधतेय, तिकडची बेसिनमध्ये साबणाचा फेस करून त्यात ताट बुडवतेय. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि अशा काही हसल्या की आम्ही बाहेरून धावत आलो. इंग्रजी दोघींचंही बेताचंच, कारण ती ऑस्ट्रेलियन मुलगी मूळची व्हिएतनामी घरातली होती. त्या दोघींची पत्रं पुढे बरेच दिवस चालू होती.

गाईडिंगमध्ये २२ फेब्रुवारी हा चिंतन दिन असतो. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक मुलगी एक देश निवडायची आणि तिथली मुलगी सकाळी उठल्यापासून काय करत असेल ते शोधून आणायची. खर्च शून्य.

चहाबाज

भांड्यांसाठी राख? बाई, हे कोणत्या साली?

गाईडबाई

साल विचारू नये, वय कळतं.

तंबूवाला

स्काउटचा विषय निघालाच आहे तर जांबोरीचंही, म्हणजे स्काउटांच्या जागतिक मेळाव्याचंही सांगतो. पहिली जागतिक जांबोरी १९२० मध्ये लंडनला झाली, पहिलं महायुद्ध नुकतं संपलेलं. चार वर्षांनी एकदा भरते. २०२३ ची दक्षिण कोरियात सेमांगमला, समुद्र हटवून केलेल्या सपाट जमिनीवर भरली होती. दीडशेवर देशांतून ४० हजारांच्या वर मुलं. झाड नाही, सावली नाही, पारा ३५ अंशांच्या आसपास, शेकडो मुलांना उष्म्याचा त्रास झाला. ब्रिटिश आणि अमेरिकन तुकड्या आधीच निघून गेल्या, आणि मग वादळ येतंय म्हणून ८ ऑगस्टला उरलेली सगळी छावणीच हलवली. शेवटी सोलच्या स्टेडियममध्ये के-पॉपचा कार्यक्रम करून मुलांची समजूत काढली. मेळावा जेवढा मोठा तेवढी मुलं व्यवस्थेच्या हवाली जातात, एवढं ध्यानात ठेवा. पुढची २०२७ मध्ये पोलंडला आहे.

नागपुरी_तडका

३५ अंशांत जांबोरी गुंडाळली?? आमच्याकडे ३५ झालं की कूलर बंद करतेत ना बावा. मे महिन्यात चंद्रपूरला या, ४५ मध्ये पोरं कुदळ मारतात. गंमत नाही करत. मूल गावाजवळ सोमनाथला बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली. पहाटे उठून श्रमदान, दुपारी व्याख्यानं-चर्चा, रात्री गाणी. मी गेलो तेव्हा माझ्या टोपल्याच्या दुसऱ्या टोकाला सांगलीचा एक साखर कारखानदाराचा मुलगा होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाताला फोड आले, आनंदवनातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी पट्टी बांधून दिली. त्या बाबांच्या हाताला बोटं नव्हती. पोरगा पट्टीकडे बघे, हाताकडे बघे. त्या दिवसापासून त्याने जेवणाबद्दल कुरकुर केली नाही. यात आंतरराष्ट्रीय काही नव्हतं, पण मला शांततेचं शिक्षण विचाराल तर ते हेच.

तंबूवाला

@नागपुरी_तडका, कोरियातली दमट हवा आणि विदर्भातला सुका उन्हाळा यांची बरोबरी नको. मुंबईकरांना विचारा. पण सोमनाथबद्दल पूर्ण सहमत.

जुनी_पानं

सोमनाथचा धागा थेट युरोपशी जुळतो, म्हणून थोडं अवांतर.

पिएर सेरेझोल हा स्विस इंजिनियर. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये त्याने फ्रान्समध्ये व्हर्दूंजवळच्या एन नावाच्या उद्ध्वस्त खेड्यात स्वयंसेवकांची पहिली छावणी भरवली. घरं बांधायची, रस्ते साफ करायचे, आणि हे फ्रेंच-जर्मनांनी मिळून करायचं. कल्पना झकास, पण ज्या गावातली पोरं जर्मनांच्या तोफांनी मेली त्या गावाला जर्मन हात नको होते. छावणी काही महिन्यांत मोडली. सेरेझोलने मात्र सोडलं नाही, त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही स्वयंसेवकांची संस्था उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा हाच माणूस थोडे सोबती घेऊन आपल्याकडे आला आणि गावं पुन्हा वसवण्याच्या कामाला लागला.

माझ्या मते गावकऱ्यांचा नकार हीच त्या पहिल्या छावणीतली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट. माहितीपत्रकांत नेमकी तीच नसते. तिथे सगळे हसत असतात.

बराक_नंबर_नऊ

बराच वेळ वाचतोय. मी वीस वर्षं वर्दी घातली आहे, तेव्हा माझंही ऐका. पोरांनी एकमेकांच्या हातात हात घालून गाणी म्हटल्याने सीमेवरची चौकी कमी होत नाही. २०१७ मध्ये लाहोरची शाळकरी मुलं दिल्लीत आली होती, एका संस्थेने बोलावलेली. त्याच सुमारास नियंत्रण रेषेवर आपल्या जवानांच्या मृतदेहांची विटंबना झाली, आणि ही वेळ योग्य नाही म्हणून मुलांना परत पाठवलं. लोकांनी सरकारला नावं ठेवली. मला तो निर्णय बरोबर वाटला. घरात सुतक असताना अंगणात पाहुण्यांचा कार्यक्रम होत नाही.

मुलांवर माझा राग नाही. पण शांतता ही कुणीतरी रात्रभर जागतं म्हणून असते, हेही त्या परिषदांत सांगा.

खडू_डस्टर

@बराक_नंबर_नऊ, सर, तुमच्या म्हणण्याचा मान ठेवूनच लिहिते. मी मुंबईत शाळेत शिकवते. त्याच संस्थेने, रूट्स टू रूट्सने, २०१० मध्ये कराचीच्या सिटिझन्स आर्काइव्ह या संस्थेबरोबर पत्रांचा उपक्रम सुरू केला होता. इकडची मुलं पत्र लिहायची, तिकडची उत्तर पाठवायची. पत्रात राजकारण नव्हतं. तुमच्याकडे गृहपाठ किती असतो, आई डब्यात काय देते, शाहरुख आवडतो का. एका मुलीला तिकडून विचारणा आली की तुमच्या इमारतीत रात्री दिवे चालू असतात का, कारण आमच्याकडे वीज जाते. तिने उत्तर लिहायला दोन दिवस घेतले. आपल्याकडे वीज जात नाही हे लिहिणं फुशारकीचं होईल का, असं मला विचारत होती. अकरा वर्षांची मुलगी!

अशाने चौकी हटत नाही, मान्य. पण उद्या याच मुलीला व्हॉट्सअॅपवर काहीही आलं, तर ती क्षणभर तरी थांबेल.

बराक_नंबर_नऊ

बाई, त्या मुलीला माझा सलाम सांगा. मत बदललेलं नाही.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून थोडं संशोधनाचं. सीड्स ऑफ पीस नावाची संस्था आहे, पत्रकार जॉन वॉलक यांनी १९९३ मध्ये काढलेली. अमेरिकेत मेन राज्यात तळ्याकाठी छावणी, इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलं एका खोलीत झोपतात, एका टेबलावर जेवतात, रोज समोरासमोर बसून वाद घालतात. रडारड, आरडाओरडा सगळं होतं. पुढे भारत-पाकिस्तानची मुलंही घेतली, आपल्याकडची मुंबईची, तिकडची लाहोरची.

शिकागो विद्यापीठाच्या जेन राईझन आणि ज्युलियाना श्रोडर यांनी या मुलांचा पाठपुरावा केला. छावणीच्या शेवटी समोरच्या बाजूबद्दलचं मत सुधारलेलं असतं. घरी परतल्यावर त्यातलं काही ओसरतं. पण ज्याची समोरच्या बाजूच्या एकाशी तरी जवळची मैत्री झाली, त्याचं मत जास्त टिकून राहतं. म्हणजे भाषणं नव्हे, एक मित्र. आणि अशी मैत्री कुठे होते? तर एका खोलीत, एका जेवणाच्या टेबलावर किंवा एका चर्चागटात असलेल्यांमध्ये. म्हणजे पौडफाटा यांचं न्हाणीघर आणि गाईडबाईंची भांडी, दोन्ही शास्त्रशुद्ध निघाली.

याची दुसरी बाजूही आहे. याच छावणीतला असील आस्ले नावाचा १७ वर्षांचा मुलगा ऑक्टोबर २००० मध्ये इस्रायली पोलिसांच्या गोळीने गेला. तेव्हा त्याच्या अंगात छावणीचा हिरवा टी-शर्ट होता. तेव्हा याची ताकद फार वाढवून सांगू नये आणि फार कमीही लेखू नये.

फुकुओकाकर

जपानातून लिहितोय. इथे शांतता हा शाळेतला रोजचा विषय आहे. हिरोशिमाला शाळांच्या सहली येतात, जगभरातून वर्षाला कोटीभर कागदी बगळे येतात. बॉम्बच्या किरणोत्सर्गाने आजारी पडून असे बगळे करत बसणारी सादाको सासाकी ही शाळकरी मुलगी १९५५ मध्ये गेली आणि तिच्या वर्गमित्रांनी सुरू केलेल्या वर्गणीतून १९५८ मध्ये मुलांचं स्मारक उभं राहिलं. दरवर्षी ६ ऑगस्टला तिथल्या समारंभात दोन शाळकरी मुलं शांततेची शपथ वाचतात.

पण मला सांगायचं आहे ते नागासाकीचं. तिथे गणवेशातली हायस्कूलची पोरं रस्त्यावर उभी राहून अण्वस्त्रांविरोधात सह्या गोळा करतात आणि उन्हाळ्यात त्या जिनीव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात नेऊन देतात. हायस्कूल शांतिदूत असं त्यांना म्हणतात. मी सही केली, तेव्हा देशाच्या रकान्यात ‘भारत’ वाचून एक मुलगी जरा अडखळली. मग म्हणाली, आमचा उपक्रम १९९८ मध्ये सुरू झाला. मी हो का, म्हणालो. घरी येऊन वाचलं तेव्हा ट्यूब पेटली. मे १९९८ मध्ये आपण पोखरणला आणि त्याच महिन्यात पाकिस्तानने चागईला स्फोट केले. ते ऐकून नागासाकीकरांनी दोन मुलांना निवेदनं घेऊन न्यूयॉर्कला धाडलं, आणि त्यातून हे सगळं सुरू झालं. ती बिचारी सभ्यपणे गप्प राहिली होती.

मी तेव्हा कॉलेजात होतो, आम्ही पेढे वाटले होते. आजही पोखरण चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या मुलीला समोर बसवून आपली बाजू समजावून सांगायची झाली तर कशी सांगेन, हे मला अजून जमलेलं नाही. लेकीला परदेशात पाठवणार असाल तर असे प्रश्न तिला कुणी विचारील का, ते आधी बघा. नुसता ‘विविधतेत एकता’वर नाच बसवायचा असेल तर राहू द्या.

चहाबाज

नाचावरून आठवलं, प्रत्येक परिषदेत ‘सांस्कृतिक रात्र’ असते आणि आपली पोरं दीड मिनिटाची लेझीम करतात. लेझीम बॅगेतून नेताना विमानतळावर पेटी उघडायला लावतात, हा स्वानुभव.

झेडपी_मास्तर

सगळा धागा वाचला. पुणे, मुंबई, जपान झालं, आता आमच्या वाडी-वस्तीचं बघा. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. साडेतीन लाख त्यांच्या किती हंगामांचे होतील, हिशेब तुम्हीच करा.

पण गावातूनही हे होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला, तेव्हा पुस्तकातल्या क्यूआर कोडचीच चर्चा झाली. त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन, इराक-इराण अशा जोड्यांतल्या मुलांना ऑनलाइन एकमेकांशी जोडलं, सहा आठवड्यांच्या उपक्रमात प्रत्येकाला पलीकडचा एक शांतता-मित्र, हे कमी लोकांना माहीत आहे. बक्षीस १० लाख डॉलरचं, त्यातला निम्मा वाटा त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटून टाकला.

ते वाचून आम्हीही एका परदेशी शाळेशी व्हिडिओवर भेट ठरवली. नेट तीनदा गेलं. शेवटी आमच्या पोरांनी शेळीचं करडू कॅमेऱ्यापुढे धरलं आणि तिकडे वर्गात जो गोंधळ उडाला! अर्धा तास फक्त करडू. अभ्यासक्रमाप्रमाणे बोलायचा विषय ‘पाणी’ होता.

सातासमुद्रापार

मास्तर, करडाला प्रमाणपत्र मिळालं का? :)

निळी_छत्री

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. लेकीला अख्खा धागा वाचायला दिला. आधी फुगून बसली, मग करडू आणि भांडी दोन्ही वाचून हसली. नागासाकीचं वाचल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, संध्याकाळी बाबांना विचारत होती की पोखरणच्या वेळी तुम्ही काय केलं.

परिषदेला पाठवायचं नाही असं ठरतंय. मुळशीच्या कॉलेजचं दहावीनंतर बघू. गाईडबाई, आमच्या शाळेत गाईडची कंपनी नाही. आता सुरू करता येईल का?

गाईडबाई

येईल की. जिल्ह्याच्या भारत स्काउट्स आणि गाईड्स कार्यालयात शाळेने नोंदणी करायची आणि एका शिक्षिकेने कॅप्टनचं प्राथमिक प्रशिक्षण घ्यायचं. मुख्याध्यापकांना पटवणं हेच खरं काम. व्यनि (खाजगी निरोप) करते.

पौडफाटा

पासपोर्ट मात्र काढून ठेवा, पुढे घाई होते. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पाच वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तेवढाच चालतो. आईवडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट ड लागतं.

निळी_छत्री

पासपोर्ट आहे. अडचण वेगळीच आहे. शाळेत दहा हजार अनामत भरून बसलोय, पावतीवर ‘ना-परतावा’ छापलंय. कशी मागायची?

हिशेबनीस

पावतीचा फोटो नावं झाकून व्यनि करा. पावती शाळेच्या नावाने आहे की आयोजकाच्या, त्यावर पुढचं अवलंबून आहे. तोंडी बोलू नका. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, निवडीचे निकष आणि आयोजकाची नोंदणी मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. बाकीच्या पालकांपैकी दोघं-तिघं सोबत आले तर उत्तम.